गाढवरडीचा चढ आणि एर्मेन्सियाबाईंचे पाहुणे

एर्मेन्सिया तिबादुइसाबाईंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे काँक्रीट. सोनंनाणं नको, शहरात घर नको, दुसरा नवरा तर मुळीच नको. पहिल्यानंच हौस फिटली होती. गाढवरडीच्या चढावर गाडीच्या दोन चाकांपुरत्या काँक्रीटच्या दोन पट्ट्या, बस. त्यासाठी बाईंनी आमच्या वाडीच्या समितीचं अध्यक्षपद वीस-एक वर्षं सोडलं नाही आणि आम्हाला वीस-एक वर्षं सुखानं झोपू दिलं नाही.

चढाचं नाव आम्ही ठेवलेलं नाही, गाढवांनी ठेवलंय. चिकामोचा नदीच्या काठानं आमचा कच्चा रस्ता मोठ्या ऐटीत निघतो, कांद्याच्या वाफ्यांमधून जातो, निलगिरीच्या झाडांत शिरतो आणि गाढवरडीच्या वळणाशी आला की त्याचा धीरच सुटतो. नुसती लाल माती, गोटे आणि पावसात गुडघाभर चिखल. त्या वळणाच्या अगदी डोक्यावर बाईंचं घर. पायथ्याशी माझं दुकान. मी पोलिकार्पो सियाबातो. बिअर, मेणबत्त्या, दोरखंड आणि गुरांचं मीठ विकतो. ज्याला चढ चढवत नाही तो माझ्याकडे येऊन बसतो, म्हणजे या चढावर पोट भरणारा वाडीतला मी एकटाच. तरीही मी बाईंच्या बाजूनं होतो. एक तर त्या माझ्या थोरलीच्या धर्ममाता, आणि बाजूनं नसतो तर त्यांनी मला जिवंत ठेवलं नसतं.

आजवरचे सगळे मेयर निवडणुकीच्या आधी त्या वळणावर येऊन छातीवर हात ठेवून गेले. निवडून आल्यावर तोच हात खिशात. बाई काही खचल्या नाहीत. पण गेल्या वर्षी डेअरीचा ट्रक चढावरून उलटा घसरत आला आणि थेट माझ्या बिअरच्या क्रेटवर येऊन थांबला. डेअरीचा माणूस आला, त्यानं ट्रक पाहिला, क्रेट पाहिले, आणि सांगून गेला, की नव्या वर्षापासून आमचा ट्रक वर येणार नाही. काँक्रीट करा, नाहीतर दूध तुमचं तुम्ही डेअरीत आणून द्या.

चढाच्या वर सगळी घरं दुधावर जगतात. खेचराच्या पाठीवर कॅन बांधून दूध डेअरीपर्यंत न्यायचं म्हणजे तिथं पोचेपर्यंत ते नासलेलंच. बाईंच्या गोठ्यात पाच-सहा गाई, त्यात प्रिन्सेसा नावाची एक काळीपांढरी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ट्रक बंद म्हणजे गाई विकायच्या, आणि गाई विकल्या की बाईंनी दुइतामा शहरात लेकीच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर जाऊन बसायचं.

"चौथ्या मजल्यावर मी काय करू हो पोलिकार्पोभाऊ?" बाई म्हणाल्या. "कुंडीतल्या तुळतुळीत पानांना चारा घालू?"

नेमक्या याच सुमाराला लोरेन्सो उगवला.

लोरेन्सो म्हणजे राजधानीचा, बोगोताचा, एक दाढीवाला पोरगा. त्याच्या सायकलच्या किमतीत प्रिन्सेसासारख्या गाई आल्या असत्या, वर गोठाही. आता सायकलचं कौतुक आम्हाला सांगायला नको. आमच्या बोयाका प्रांतातलं पोर आधी पेडल मारतं, मग चालायला शिकतं. पण आमची पोरं चांगल्या डांबराच्या शोधात मैलोन् मैल जातात. आणि ज्यांच्या दाराशी डांबर आहे ते हे शहाणे, जाड टायरांच्या ग्रॅव्हल सायकली घेऊन, खडी शोधत आमच्या दाराशी! लोरेन्सोनं बोगोतात बसून, आकाशातून काढलेले फोटो बघून, आमच्या खोऱ्यातून आणि भोवतीच्या डोंगरांतून सायकलचे मार्ग आखले होते. एक नदीकाठचा, एक झुलत्या पुलावरून कांद्याच्या शेतांतला, आणि सगळ्यांत अवघड तो गाढवरडी चढून वर पारामोत, म्हणजे धुक्यातल्या उंच माळरानात, जाणारा. त्याला त्यानं नाव दिलं होतं 'गरुडवाट'. गरुड आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही. गिधाडं आहेत, पण गिधाडवाट म्हटलं तर कोण येणार?

तो गाढवरडीच्या वळणावर चिखलात पडला, उठला आणि दोन्ही हात आभाळाकडे करून म्हणाला, "वा! काय अस्सल रस्ता आहे!"

बाई दारातून बघत होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "अस्सल म्हणजे काय हो?"

"म्हणजे सरकारनं हात न लावलेला," मी म्हणालो.

"मग आम्ही सगळेच अस्सल की," बाई म्हणाल्या, आणि त्याला पुसायला टॉवेल आणायला आत गेल्या.

लोरेन्सोनं ऑक्टोबरात शर्यत ठरवली. मेयरसाहेब येणार होते, आणि त्यांच्यासोबत जिल्ह्याचे रस्त्यांचे इंजिनियर, डॉक्टर बोओर्केस. डॉक्टर म्हणजे औषध देणारे नव्हेत. आमच्याकडे कोटाच्या खिशात पेन दिसलं की तो माणूस डॉक्टर. सायकलवाल्यांच्या मागून हे दोघं गाडीतून सगळा मार्ग बघणार होते. बाईंचे डोळे असे चमकले की मला भीतीच वाटली.

त्यांनी समितीची सभा बोलावली. "नीट ऐका," त्या म्हणाल्या. "शर्यतीपर्यंत चढाला कोणी फावडं लावायचं नाही. एक खडासुद्धा हलवायचा नाही. इंजिनियरची गाडी त्या वळणात रुतली पाहिजे. त्यांच्या पँटीला चिखल लागला पाहिजे. वीस वर्षं मी अर्ज करतेय. जे अर्जानं झालं नाही ते चिखलानं होईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण मी आमच्या माणसांना ओळखतो. आमच्याकडे नवरा बायकोला 'तुम्ही' म्हणतो, आई तान्ह्या पोराला 'तुम्ही' म्हणते, कुत्र्याला हाकलतानासुद्धा 'चला, बाहेर व्हा बघू तुम्ही' असं म्हणतात. आणि पाहुणा येणार म्हटलं की सगळ्या वाडीच्या अंगात येतं. बिशप येवोत, मिरवणूक येवो, लस टोचणारी नर्स येवो. आदल्या शनिवारी घरटी एक माणूस फावडं घेऊन श्रमदानाला हजर. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं, दगडांना चुना फासायचा. पोटातली भूक लपवतील, पण दारातला खड्डा पाहुण्याला दिसू देणार नाहीत.

शर्यतीच्या आदल्या शनिवारी बाईंना लेकीकडे जावं लागलं. दिवसभरच गेल्या होत्या. संध्याकाळी परतल्या, वळणावर आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. चढ बघून त्यांना वाटलं असेल, आपण दुसऱ्याच गावात आलो. खड्डा नावाला उरला नव्हता. चर खणलेले, खडी ठोकून बसवलेली, दोन्ही कडांना पांढरेशुभ्र दगड, आणि वर निलगिरीच्या फांद्यांची कमान. कमानीखाली अख्खी वाडी मान खाली घालून.

"हे कोणी केलं?" बाईंचा आवाज फाटला.

म्हातारे पासीफिकोबाबा पुढं झाले. "बाई, दीडशे सायकलवाले येणार. बोगोताहून. काय म्हणतील ते आपल्याला?"

"म्हणू देत की!"

"नाही हो बाई, लाज वाटते. मी आपला माझ्या फाटकापुढचा एकच खड्डा बुजवत होतो. मग शेजाऱ्यांना वाटलं, याच्यापुढं चांगलं आणि आपल्यापुढं वाईट दिसेल."

"अहो गाढवांनो!" बाई कडाडल्या. रागातही 'अहो' काही सुटलं नाही. "स्वतःच्या हातानं स्वतःच्या दुधात माती कालवलीत. मी असते तर हात तोडून घेतले असते, पण फावड्याला लावले नसते!"

शर्यत झाली. इंजिनियरसाहेबांची गाडी सरसर वर आली. म्हातारा मनुष्य, शिडशिडीत अंगाचा, हातात कॉफीचा कप. त्यातला थेंबही सांडला नव्हता. बाईंनी त्यांच्यापुढं सगळी कैफियत मांडली. त्यांनी पायानं खडी दाबून बघितली आणि म्हणाले, "याला काँक्रीट? बाई, माझ्या घरापुढचा रस्ता याहून वाईट आहे हो."

लोरेन्सोची तऱ्हा आणखी वेगळी. तो तर रडायच्या बेतात. "कोणी केलं हे? चढाचा आत्माच गेला! लोक इथं पडायला आले होते!" आणि मेयरला म्हणाला, "साहेब, काँक्रीटचं नावसुद्धा काढू नका. उलट इथं फलक लावा, 'नैसर्गिक मार्ग, जतन करा' म्हणून." मेयरनं लगेच छातीवर हात ठेवला. फुकटात होण्यासारखी मागणी त्यांच्याकडे पहिल्यांदाच कोणी केली होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला फलकाचं उद्घाटन ठरलं. मेयर येणार, इंजिनियरही येणार. दरम्यान पावसानं आमच्या श्रमदानाचा पार निकाल लावला होता. चढ पुन्हा पहिल्यासारखा, किंबहुना जास्तच अस्सल झाला होता. बाईंना पुन्हा हुरूप आला. नवं वर्ष तोंडावर, ही शेवटची संधी. या वेळी त्यांनी सगळ्यांना देवळात नेलं आणि कार्मेन मातेसमोर शपथा घ्यायला लावल्या. गाडीवाल्यांची तीच देवी. त्या दिवशी कोणी घराबाहेर पडायचं नाही. खिडक्या बंद, दारं बंद.

आणि त्या दिवशी सकाळी बाईंनी माझ्या हातात कुलूप ठेवलं.

"मला आत कोंडा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा."

"तुम्हाला? तुम्ही तर हात तोडून घेणार होतात ना?"

"मला कुठं गरज आहे? लोकांपुढं उदाहरण असावं म्हणून," बाई म्हणाल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी कुलूप लावलं आणि त्यांच्या पायरीवर, छपराखाली बसलो. पाऊस धो धो पडत होता. अख्ख्या वाडीत चिटपाखरू नाही. मयत झाल्यासारखी सगळी घरं बंद. थोड्या वेळानं खालून इंजिनचा आवाज आला. गाडी वळणावर आली, गुरगुरली, तिची चाकं जागच्या जागी फिरू लागली, आणि ती हळूहळू एका अंगाला बसली. मेयरसाहेब आतूनच ओरडू लागले. कोणाचंच दार उघडलं नाही. मला आमच्या लोकांचा अभिमान वाटला, देवाशपथ वाटला.

"काय झालं हो?" दाराआडून बाईंचा आवाज आला.

"रुतली."

"किती?"

"दारापर्यंत."

"वा!" बाईंनी आत टाळी वाजवली. मग म्हणाल्या, "इंजिनियर आहेत ना?"

"आहेत. उतरतायत."

खरंच उतरले म्हातारबुवा. पहिलं पाऊल टाकलं ते गुडघ्यापर्यंत गेलं. दुसरं टाकलं, बूट आतच राहिला.

"पँटीला लागला का चिखल?"

"कमरेपर्यंत लागलाय."

"देवा, ऐकलंस रे बाबा," बाई म्हणाल्या. पाऊस तेवढा ऐकू येत होता.

"छत्री आहे का त्यांच्याकडे?"

"नाही."

"टोपी?"

"होती. वाऱ्यानं नेली."

मी मनात म्हणत होतो, बाई, धीर धरा, थोडा वेळ धीर धरा. अर्धा तास हा म्हातारा असाच उभा राहू दे, वीस वर्षांचं काम होईल.

"पोलिकार्पोभाऊ," आतून अगदी बारीक आवाज आला, "सकाळी लवकर निघाले असतील ना ते? काही खाल्लं असेल का हो त्यांनी?"

ते काँक्रीट मला नदीतून वाहत जाताना दिसलं.

"किल्ली देणार नाही," मी ओरडलो. "सांगून ठेवतो, बाई, गाई आठवा! प्रिन्सेसा आठवा! चौथा मजला आठवा!"

मागच्या बाजूला काहीतरी आपटलं. मी धावत गेलो तर साठीची बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडलेली, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात गरम गूळपाण्याची किटली, झगा खिळ्याला लागून फाटलेला. माझ्याकडे ढुंकूनही न बघता उतारावरून पळत सुटल्या. "अहो डॉक्टर, हलू नका तिथून! डावीकडे खोल आहे!"

बाईंचा आवाज ऐकायची खोटी, अख्ख्या वाडीची दारं धाडधाड उघडली. कोणी फावडी घेऊन, कोणी फळ्या, कोणी फांद्या. पासीफिकोबाबा बैलांची जोडी जुंपूनच आले. म्हणजे सकाळपासून तयारीतच बसले होते की हा माणूस! देवीची शपथ घेतलेली सगळी टाळकी चिखलात उतरली. गाडी निघाली, वळण भरलं, खडी ठोकली. इंजिनियरसाहेबांना बाईंच्या चुलीपाशी बसवलं, त्यांचे पाय धुतले, बूट शोधून वाळत ठेवला, नवऱ्याची ठेवणीतली घोंगडीसारखी लोकरीची रुआना अंगावर घातली, वर मक्याच्या गरम अरेपा आणि ताजं चीज. म्हातारबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं.

निघताना त्यांनी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "बाई, रस्ता फार वाईट आहे. तुमचं म्हणणं अगदी खरं होतं."

आम्ही सगळे दाराशी पुढं सरकलो.

"पण अशी माणसं मी सगळ्या जिल्ह्यात पाहिली नाहीत," ते म्हणाले. "काँक्रीटचा पैसा थोडाच असतो. तो तिथं द्यावा लागतो, जिथं गाडी रुतली तर लोक मदतीला येत नाहीत. तुम्हाला त्याची गरज नाही."

बाई म्हणाल्या, "बरं डॉक्टर. सांभाळून जा." आणि वाटेत खायला चिजाचा गोळा फडक्यात बांधून दिला. मला इतका संताप आला, की मी दुकानात जाऊन स्वतःचीच बिअर प्यायलो. आणि खरं सांगू, संताप कोणावर करायचा तेच कळेना. त्या म्हाताऱ्याच्या जागी मी असतो आणि दार कोणी उघडलं नसतं, तर मी जन्मभर या वाडीचं नाव घेतलं नसतं.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी मी वर गेलो. बाईंनी रोजच्यासारखं दूध काढलं होतं, कॅन घासूनपुसून फाटकाशी ओळीनं ठेवले होते आणि त्या बाजूच्या दगडावर बसून खाली रस्त्याकडे बघत होत्या. दगडाला आमच्याच श्रमदानातला चुना. ऊन वर आलं. ट्रक काही आला नाही. शुक्रवारच्या बाजारात प्रिन्सेसाला बघायला एक गिऱ्हाईक येणार होतं, ते मला ठाऊक होतं, त्यांनाही होतं.

तेवढ्यात खालून घोळका आला. लोरेन्सो आणि त्याचे सात-आठ सायकलवाले, घामाघूम, मेयरनं लावलेल्या फलकापाशी फोटो काढून वर आलेले. "बाई, पाणी मिळेल का?"

बाई उठल्या. झग्याला हात पुसले, हॅट सारखी केली. पहिल्या कॅनचं झाकण उघडलं आणि वगराळं बुडवून एकेकाचा पेला काठोकाठ भरत गेल्या. पोरं घटाघटा प्यायली. मिशांना फेस लागला.

"काय दूध आहे!" लोरेन्सो म्हणाला. "असं आमच्या बोगोतात मिळत नाही. पैसे किती झाले?"

"पाहुण्यांकडून पैसे घेतात का?" बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या कॅनचं झाकण काढलं. "घ्या, आणखी घ्या. आज भरपूर आहे."